दोनशे तेरा घरांच्या फ्लॉपी

गजानन मयेकरांना रत्नागिरीत मयेकर म्हणून फारसं कुणी ओळखत नसे. तार ऑफिसात त्यांची छत्तीस वर्षं गेली, म्हणून ते तारमास्तर, आणि निवृत्त झाल्यावरही तारमास्तरच. हडकुळे, उंच, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं. बसले की उजव्या हाताचं मधलं बोट टेबलावर हलत असायचं. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी कडकट्टच्या, म्हणजे बोटाने ठोकायच्या मोर्सच्या यंत्रावर काम केलं होतं. ते यंत्र गेलं, टेलिप्रिंटर आला, पण बोट काही थांबलं नाही. त्यांच्या बायकोला आम्ही सगळ्याजणी काकू म्हणायचो. काकू सांगायच्या, यांच्या मनात काय आहे ते कळायला तोंडाकडे बघू नका, बोटाकडे बघा.

समोरचा माणूस बोलायला लागला की मास्तर शब्द मोजत. एकदा एक बाई दारातूनच म्हणाली, "मास्तर, काय सांगू, काल पाहुणे आले, मुलगा तापाने फणफणलाय, म्हणून येता आलं नाही." मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तेरा शब्द. तारेत तीन लागले असते. मुलगा आजारी, क्षमस्व." बाई हसली. मास्तर हसले नाहीत. त्यांना ती थट्टा वाटतच नव्हती. ते खरोखर तिचे दहा शब्द वाचवत होते.

अठ्ठ्याण्णव साली निवृत्त झाल्यावर त्यांनी मारुती मंदिरच्या उतारावर एक खोली घेतली, एक कॉम्प्युटर आणि एक प्रिंटर घेतला आणि टंकलेखनाची पाटी लावली. मी तेव्हा एका वकिलांकडे टायपिस्ट होते. माझं माहेर केळशीचं, शाळा मराठी, आणि लग्नाआधी दापोलीला राहून टायपिंगच्या मराठी-इंग्रजी दोन्ही परीक्षा दिलेल्या. नवरा मस्कतला टगबोटीवर. मास्तर एकदा कसल्यातरी प्रतिज्ञापत्रासाठी वकिलांकडे आले आणि माझी बोटं बघत उभे राहिले. आठवड्याने परत आले ते मला विचारायला.

म्हणाले, "नसीमबाई, या गावात घरटी एक माणूस आखातात. बायकांना पत्रं लिहून हवी असतात. माझ्यासमोर त्या 'इकडे सर्व खुशाल' याच्या पुढे जाणार नाहीत. तुमच्यासमोर जातील."

ते खरंच होतं. राजिवड्यातून, मिरकरवाड्यातून, वर नाचण्याकडून, पार पावसहून बायका यायच्या. मुसलमान, भंडारी, कुणबी, सगळ्या. मधे एक लाकडी पडदा होता. पडद्याच्या आत मी, माझ्यापुढे मशीन, आणि माझ्या बाजूला ती बाई. पडद्याबाहेर मास्तर अर्ज, दाखले, व्हिसाचे कागद बघत. बायका सांगायच्या, मी टाइप करायचे. कुणी सांगता सांगता रडायची, कुणी लाजून माझ्या कानात सांगायची. वर्षाभराने मास्तरांनी इंटरनेटचं कनेक्शन घेतलं. मग नवऱ्यांची उत्तरंही यायला लागली. ती उतरवून घेतली की मेलमधून लगेच पुसायची, असा शिरस्ता होता.

आणि हे सगळं जायचं फ्लॉपीत. एका घराला एक फ्लॉपी. तिच्यावर मास्तरांच्या ठसठशीत अक्षरात फक्त नंबर, नाव नाही. नाव रजिस्टरला. बाईने येताना फ्लॉपी आणायची, जाताना घेऊन जायची. मशीनमध्ये काहीही ठेवायचं नाही. हा मास्तरांचा नियम होता आणि तो ते प्रत्येक नव्या बाईला स्वतः पडद्याशी येऊन सांगत. "तुमचं पत्र तुमच्याबरोबर घरी जाईल. इथे काही राहत नाही." ते गेले की बाई माझ्याकडे बघायची. मी म्हणायचे, खरंच राहत नाही. बायका मास्तरांच्या नियमावर विश्वासल्या की माझ्या त्या एका वाक्यावर, ते मला नक्की सांगता येणार नाही. मला वाटतं, माझ्यावर.

माझा मास्तरांवर विश्वास बसला त्याला काकूंनी सांगितलेली एक गोष्ट कारण झाली. काकूंची धाकटी बहीण मालवणला बाळंतपणात गेली. ती तार रत्नागिरीला आली तेव्हा यंत्रावर मास्तरच होते. त्यांनी तार उतरवली, लिफाफ्यात घातली, पत्ता स्वतःच्या घरचा लिहिला आणि वाटपाच्या ढिगात ठेवून दिली. दुपारी ते डबा खायला घरी आले, जेवले, ताक प्यायले आणि परत गेले. शिपाई साडेतीनला तार घेऊन काकूंच्या दारात आला. "बाराला यांना कळलं होतं," काकू म्हणाल्या. "माझ्या हातचं जेवून गेले आणि बोलले नाहीत. तार ज्याची त्याची, म्हणाले. शिपायाने दिल्याशिवाय ती मला माहीत नाही." काकूंनी त्या गोष्टीवरून वर्षभर अबोला धरला होता. मला मात्र ती ऐकून वाटलं, आपली पत्रं याच माणसाच्या खोलीत लिहावीत. मीही माझी फ्लॉपी केली. नंबर एकोणीस. मास्तर जेवायला गेले की माझं मस्कतचं पत्र मी टाइप करायचे. नवऱ्याला लिहावं तसं लिहायचे.

मास्तरांना हिशेबाचा नाद होता. पैशाअडक्याच्या हिशेबाचा नव्हे, जागेच्या. फ्लॉपीवर एक पूर्णांक चव्वेचाळीस मेगाबाइट छापलेलं असतं, त्यावर त्यांचा राग होता. "बाइटना एकदा एक हजार चोवीसने भागतात आणि मग हजाराने. दोन मापं एकात मिसळली. गवळ्यानेसुद्धा असं केलं नसतं." त्यांनी मला दोन आकडे पाठ करायला लावले होते. अख्खी फ्लॉपी चौदा लाख चौऱ्याहत्तर हजार पाचशे साठ बाइट. त्यातली थोडी जागा फ्लॉपीला स्वतःसाठी लागते. आपल्याला लिहायला उरते ती चौदा लाख सत्तावन्न हजार सहाशे चौसष्ट. "एक बाइट म्हणजे एक अक्षर धरा," ते म्हणायचे. "दहा शब्दांच्या तारेला साठ अक्षरं. एका फ्लॉपीत चोवीस हजार तारा. माझ्या सगळ्या नोकरीतल्या तारा अठरा फ्लॉपींत बसतील. लग्नं, मयतं, नोकऱ्या, बोटी पोचल्याच्या खबरा, सगळं."

पुढे सीडी आली तेव्हा त्यांनी सांगितलं, साडेचारशेच्या वर फ्लॉपी हिच्यात मावतात. पेपरात चाळीस गिगाबाइटच्या हार्ड डिस्कची जाहिरात आली की कागद घेऊन भागाकार. सत्तावीस हजार फ्लॉपी. एकदा त्यांनी कुठेतरी टेराबाइट हा शब्द वाचला आणि दुपारभर त्यांना दुसरं सुचेना. सहा लाख शहाऐंशी हजार फ्लॉपी. मग फूटपट्टीने त्यांनी एका फ्लॉपीची जाडी मोजली, गुणाकार केला, आणि पडद्याच्या आत येऊन मला म्हणाले, "एकावर एक ठेवल्या तर सव्वादोन किलोमीटर. कळसूबाई खाली राहील." मला ते कशासाठी हवंय, असं माझ्या तोंडावर दिसलं असणार. ते म्हणाले, "असू द्या. भागाकार येत असला की माणसाला कोणी फसवू शकत नाही."

मिरकरवाड्यातल्या रुकैयाखाला फ्लॉपी सुकटीच्या डब्यात ठेवायच्या. घरात तेवढीच कोरडी जागा, म्हणायच्या. त्यांची फ्लॉपी आली की आमच्या खोलीला दिवसभर वास. मास्तर ती नाकाशी धरत, झडप अंगठ्याने सरकवत, आतली काळी तबकडी उजेडात फिरवत. बुरशी दिसली तर वरचं कवच उकलून तबकडी साबणाच्या पाण्यात धूत, मलमलच्या फडक्यावर वाळवत आणि नव्या कवचात घालत. पुष्कळदा ती चालायचीही. खालांनी विचारलं, "मास्तर, आतलं वाचलंत काय?" मास्तर म्हणाले, "धुतलं. वाचायला तुमच्या लेकाला पाठवलंय."

एकदा मात्र फ्लॉपी चालली नाही. हर्णेची सकीना म्हणून एक मुलगी इथे दिलेली होती. तिचा नवरा दोह्याला अपघातात गेला. त्याची चार-पाच उत्तरं फ्लॉपीत होती, त्यांचे कागद तिने कधी काढून घेतले नव्हते. ती रुमालात बांधून फ्लॉपी घेऊन आली. मास्तर चार दिवस त्या फ्लॉपीशी झगडत होते. धुतली, वाळवली, दुसऱ्या मशीनवर नेऊन बघितली. पाचव्या दिवशी त्यांनी ती तशीच रुमालात बांधून परत दिली. त्या आठवड्यात ते कुणाचेही शब्द मोजत नव्हते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी मशीनवर 'छाप' नावाचं एक चित्र बसवून दिलं. पत्र पूर्ण झालं की ते दाबायचं. दाबलं की फ्लॉपी आधी बराच वेळ गुरगुरायची आणि मग प्रिंटर चालू व्हायचा. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, आधी फ्लॉपी खराब झालीय का ते तपासतंय. मला ते पटलं. सकीनानंतर ते पटण्यासारखंच होतं.

आता सुलभाचं सांगायला हवं.

सुलभा सुर्वे शिवाजीनगरकडे राहायची. नवरा कुवेतला. सासरे हायस्कूलचे निवृत्त हेडमास्तर, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. गुरुजी आणि आमचे मास्तर चाळीस वर्षांचे मित्र. रोज संध्याकाळी दोघे भाट्याच्या पुलापर्यंत फिरायला जायचे, गुरुजी बोलत आणि मास्तर ऐकत. सुलभा महिन्यातून दोनदा यायची. पत्र झालं तरी ती उठायची नाही, आम्ही दोघी बोलत बसायचो. तिच्या मुलीचं नाव प्राजक्ता. हुशार पोरगी, बारावीला बसलेली. तिला मुंबईला मावशीकडे राहून नर्सिंग करायचं होतं. गुरुजींनी सावर्ड्याचं स्थळ पक्कं करून टाकलं होतं, परीक्षा झाली की मेमध्ये लग्न.

सुलभाने ते पत्र सांगितलं तेव्हा प्रत्येक वाक्याला ती थांबत होती. नवऱ्याला तिने लिहिलं, की तुम्ही शेजाऱ्यांच्या फोनवर फोन करा आणि बाबांना सांगा, पोरीला शिकू दे. तुमच्या मनातलं म्हणून सांगा. माझं नाव घेऊ नका. माझं नाव आलं तर मला या घरात राहणं कठीण होईल. आणि खाली एक वाक्य होतं, सासऱ्यांबद्दल. बाबा शाळेत शिस्तीचे असतील, घरात मात्र ते भीतीचे आहेत. ते लिहू की नको, असं तिने मला दोनदा विचारलं. मी म्हटलं, लिही, ते तुझ्या नवऱ्यालाच जातंय.

तेवीस दिवसांनी, सोमवारी अकराच्या सुमारास ती आली. पडद्याच्या आत आली, बसली नाही. हातातला कागद तिने माझ्या कीबोर्डवर ठेवला. तेच पत्र होतं. आमच्या प्रिंटरची एक पिन तुटलेली होती, म्हणून प्रत्येक ओळीच्या मधून एक बारीक पांढरी रेघ जायची. त्या कागदावर ती रेघ होती.

आदल्या दिवशी सावर्ड्याची मंडळी याद्या करायला आली होती. सगळे बसलेले असताना गुरुजींनी चष्मा लावला आणि हे पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. प्राजक्ता पोह्यांच्या बश्या घेऊन उभी होती. वाचून झाल्यावर गुरुजींनी शेजाऱ्यांकडून कुवेतला फोन लावून मुलाला विचारलं, यातलं तुझं काय म्हणणं आहे. तो म्हणाला, बाबा म्हणतील तसं.

"एक प्रत मी कुवेतला टाकली," सुलभा म्हणाली. "फ्लॉपी माझ्या ट्रंकेत आहे, कुलपात. हा कागद तुझ्या मशीनचा आहे, नसीम. पडद्याच्या आत तू आणि मी, दोघीच होतो."

मी काहीतरी बोलले असेन. शपथ घेतली असेल. तिने ऐकून घेतलं नाही. पडद्यापलीकडे मास्तर होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. ती गेल्यावर ते आत आले आणि म्हणाले, "तपास करू." मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. बोटाकडे बघायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मास्तर नातवाच्या बारशाला पुण्याला गेले. चार दिवसांसाठी. मी रोज खोली उघडत होते, बायका येत होत्या, मी टाइप करत होते आणि प्रत्येकीसमोर माझी जीभ अडखळत होती. तिसऱ्या दुपारी कोणी नव्हतं. तपास करू म्हणाले होते ना, म्हणून मी तपास करायला बसले. मशीनच्या हार्ड डिस्कचे दोन भाग होते. सी मध्ये सगळे प्रोग्रॅम. डी राखीव, रिकामी, असं मास्तर म्हणायचे. मी डी उघडली. खरंच रिकामी दिसली. सहज तिची माहिती उघडून बघितली. वापरलेली जागा, एकतीस कोटी चाळीस लाख एक्याऐंशी हजार दोनशे ऐंशी बाइट.

रिकाम्या डिस्कमध्ये एकतीस कोटी अक्षरं कुठून आली?

मी कागद घेतला. आधी लिहिण्याच्या जागेने भागलं, चौदा लाख सत्तावन्न हजार सहाशे चौसष्टने. बाकी उरली. मग अख्ख्या फ्लॉपीच्या आकड्याने भागलं. बाकी शून्य. भागाकार आला दोनशे तेरा.

रजिस्टर काढायची गरज नव्हती. शेवटचा नंबर मीच सोमवारी लिहिला होता, दोनशे तेरा, कुवारबावची एक नवीन सून. तरी उठून रजिस्टर काढलं आणि बघितलं.

फाइली लपवून ठेवल्या होत्या. त्या दिसाव्यात कशा, हेही मास्तरांनीच मला शिकवलं होतं. एका घराची एक फाइल, अख्ख्या फ्लॉपीची जशीच्या तशी नक्कल. 'छाप' दाबलं की फ्लॉपी गुरगुरायची ती यासाठी. एकोणीस नंबरही होता. प्रत्येक फाइल शेवटची कधी उघडली त्याची तारीख मशीनला ठाऊक असते. माझी फाइल त्याच महिन्यात उघडलेली होती. ती तारीख बघून मी हात ओढून घेतला आणि बराच वेळ पदर अंगाभोवती धरून बसले, जसं कोणी खोलीत येऊन उभं राहिलंय.

मास्तर आले त्या सकाळी मी पडद्याच्या आत गेलेच नाही. त्यांच्या टेबलापुढच्या खुर्चीवर बसले होते.

"डी रिकामी नाहीये," मी म्हटलं.

बोट थांबलं. इतक्या वर्षांत ते थांबलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"भागाकार केलात?"

"केला. बाकी शून्य."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते आधी कौतुक होतं. शरम नंतर आली. दोन्हींच्या मधे एक क्षण गेला आणि तेवढ्या क्षणासाठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

मग त्यांनी सांगितलं. सकीनाला परत द्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं, ते त्यांना सहन झालं नव्हतं. पुन्हा कुणावर ती वेळ येऊ नये म्हणून नकला ठेवायला सुरुवात केली. आधी नुसत्या ठेवल्या. मग एकदा, नक्कल नीट झालीय की नाही म्हणून, एक उघडून बघितली. मग दुपारच्या वेळी, मी घरी जेवायला गेले की, उघडायला लागले. आयुष्यभर लोकांच्या घरातलं दहा-दहा शब्दांत ऐकलं, म्हणाले, पुढचं कधी कळलं नाही. मी एवढं कसंबसं ऐकून घेतलं. एकट्या म्हाताऱ्या माणसाचा तो एक रोग आहे, असं कदाचित मी धरूनही चालले असते.

"आणि सुलभाचं?"

भाट्याच्या पुलावर गुरुजींनी विचारलं होतं. सून आमच्या माघारी काही लिहिते का? मास्तर आधी नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी परत विचारलं. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी कागद छापून खिशात घालून नेला.

"चाळीस वर्षांचा मित्र, नसीमबाई. त्याच्या घरात त्याच्याच पाठीमागे चाललेलं. मला माहीत असून मी रोज त्याच्याबरोबर चालायचं कसं?"

"काकूंच्या बहिणीची तार तुम्ही काकूंना सांगितली नव्हती."

त्यांनी खिशातलं एक पेन काढून परत ठेवलं. मग म्हणाले, "तारेला कायदा होता. फोडली तर तुरुंग. याला कायदा कुठे आहे?"

मला आतापर्यंत वाटत होतं की दुसऱ्याचं गुपित राखणं त्यांच्या स्वभावात आहे. ते कायद्यात होतं. कायदा निवृत्तीच्या दिवशी तार ऑफिसातच राहिला आणि त्यांना आपल्याला काय उणं झालं ते कळलंही नाही.

मी एकच गोष्ट मागितली. चला माझ्याबरोबर आणि सुलभाला सांगा. बाकीच्या दोनशे बारा घरांना सांगू नका, मी त्यांचं बघते. तिला एवढंच सांगा, 'हे मी केलं, नसीमने नाही.' ते लगेच हो म्हणाले. चप्पल घातली, छत्री घेतली, आणि आम्ही चालत गेलो. वाटेत त्यांचं बोट छत्रीच्या मुठीवर हलत होतं. मला वाटलं, वाक्य जुळवतायत.

सुर्व्यांच्या पडवीत गुरुजी पेपर वाचत होते. या तारबाबू, म्हणाले, आणि माझ्याकडे बघून, याही आल्यात का. सुलभाने चहा आणला. तिने माझ्यापुढे कप ठेवला तो माझ्याकडे न बघता. मी मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी बशीत चहा ओतला, प्यायले, बशी खाली ठेवली. गुरुजी पुण्याच्या बारशाचं विचारत होते. मास्तर उत्तरं देत होते. दहा मिनिटं गेली असतील. शेवटी मीच म्हटलं, "मास्तर, आपण कशासाठी आलोय?"

मास्तरांनी सुलभाकडे बघितलं, मग मित्राकडे. "ते पत्राचं," म्हणाले. "यंत्र आहे. यंत्रात कधी काही राहून जातं. नसीमबाईंना मी बोललोय. पुढे काळजी घेतील."

गुरुजींनी मान हलवली. त्यांना सगळं माहीत होतं. पडवीत चार माणसं होती, तिघांना खरं माहीत होतं, आणि चौथी माझा कप उचलून आत गेली. चहा तसाच होता. मी मागून हाक मारली, सुलभा, ऐक गो. ती थांबली. मी सांगितलं, मशीनमध्ये नकला मास्तरांनी ठेवल्या होत्या, कागद त्यांनी दिला. सुलभा दारात उभी राहून ऐकत होती. मग तिने मास्तरांना विचारलं, "हे खरं आहे?"

मास्तर छत्री शोधत होते. "चुका सगळ्यांच्याच होतात," म्हणाले.

ती आत निघून गेली. एका बाजूला तारमास्तर, रत्नागिरीत ज्यांच्या शब्दावर लोक जमिनी विकायचे, आणि दुसऱ्या बाजूला मी, जिने ते पत्र टाइप केलं होतं आणि म्हटलं होतं, लिही. तिने कुणाचं ऐकावं?

खोलीवर येऊन मी डी ड्राइव्ह फॉर्मॅट केली. मास्तर बाजूला उभे होते, त्यांनी अडवलं नाही. किल्ली टेबलावर ठेवून मी घरी आले. नंतर ज्या ज्या बायका भेटल्या, त्यांना खरं सांगितलं. काहींनी फ्लॉपी चुलीत घातल्या. रुकैयाखाला म्हणाल्या, माझ्या पत्रात काय सुकटीशिवाय, वाचेना का. काहीजणींनी मात्र मलाच विचारलं, तुला एवढे दिवस कळलं कसं नाही? नवऱ्याला मी हे सगळं मस्कतला हाताने लिहिलेल्या पत्रात कळवलं. त्याने लिहिलं, झालं ते झालं. पण त्यानंतर त्याचीही पत्रं बदलली. इकडे सर्व खुशाल, एवढीच यायला लागली.

प्राजक्ताचं लग्न मेमध्ये झालं. काही वर्षांनी ती मला एसटी स्टँडवर दिसली, कडेवर मूल. मला बघून हसली, नमस्कार मावशी म्हणाली. सुलभा तिच्या शेजारी होती. तिने गाडीच्या पाटीकडे तोंड फिरवलं.

मोबाइल स्वस्त झाले, मास्तरांची खोली बंद झाली, मी एका शाळेत कॉम्प्युटरच्या खोलीवर नोकरीला लागले. मुलं विचारतात, बाई, एका टेराबाइटमध्ये किती गाणी मावतात? मी त्यांना भागाकार करायला लावते. तो मला ज्यांनी शिकवला त्यांचं नाव मी सांगत नाही.

मास्तर दोन हजार सातच्या दिवाळीआधी गेले. मी गेले नाही. त्याआधी सहा-सात महिने मी त्यांना शेवटचं पाहिलं होतं. सरकारी दवाखान्यात, सकाळी. मी साखरेचा रिपोर्ट घ्यायला गेले होते, ओपीडीत ही गर्दी. भिंतीकडच्या बाकावर मास्तर बसले होते, बरेच वाळलेले, हातात काठी, मांडीवर कापडी पिशवी. त्यांनी मला ओळखलं. जरा सरकले, शेजारी एका माणसापुरती जागा केली आणि तिच्यावर पिशवी ठेवली.

मी खिडकीचा गज धरून उभी राहिले.

एक माणूस आला, पिशवीकडे बोट दाखवून म्हणाला, कोणी आहे का? मास्तर म्हणाले, "येतायत." थोड्या वेळाने एक म्हातारी आली, तिलाही तेच. मग आणखी कुणी. लोक कुरकुरायला लागले, एवढी माणसं उभी आहेत आणि आजोबांनी जागा अडवून ठेवलीय. मास्तर पिशवीवर हात ठेवून समोर बघत होते. माझ्या पायांना मुंग्या आल्या होत्या. तास-सव्वा तास झाला असेल. त्यांचा नंबर पुकारला. ते काठी टेकून उठले, त्यांनी पिशवी उचलली, त्या रिकाम्या जागेकडे एकदा बघितलं आणि आत गेले.

एक बाई मूल घेऊन उभी होती. तिने मला विचारलं, "तुम्ही बसताय का?"

मी म्हटलं, नाही, तुम्ही बसा.